पत्रा मिटण्याआधी: जुना एअरस्ट्रीम ट्रेलर दुरुस्तीला देताना

आमचा १९६७ सालचा एअरस्ट्रीम ट्रेड विंड, म्हणजे गाडीमागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर, आम्हाला दोनदा दुरुस्त करून घ्यावा लागला. पहिल्या दुकानाने आतून पांढरा रंग दिला, लाकडासारखी दिसणारी व्हिनाइलची जमीन टाकली, नव्या गाद्या केल्या, नवे दिवे लावले. फोटो पाहून दोन्हीकडचे नातेवाईक हरखले. पुढच्याच उन्हाळ्यात मागच्या पलंगाजवळ पाय टेकला आणि जमीन ओल्या पुठ्ठ्यासारखी खाली गेली. व्हिनाइल उचललं तर खाली १९६७ सालचंच प्लायवुड होतं, काळं पडलेलं, चिमटीत कुस्करेल असं.

त्या वेळी बाबा पुण्याहून आमच्याकडे अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबसला आले होते. त्यांची सगळी नोकरी दापोडीला, एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत, गाड्यांची बॉडी बांधण्यात गेली. त्यांनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली, रिव्हेटांच्या ओळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही तर आपली एसटीच आहे गं. खाली चासी, वर सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. पत्रा मिटण्याआधी आत कोणी बघितलं होतं का?"

कोणीच बघितलं नव्हतं. पुढे जे लिहिलंय ते सगळं त्या एका प्रश्नातून आलंय. अमेरिकेत आपल्या ओळखीतली दोन-तीन मराठी कुटुंबं आता असे जुने ट्रेलर घ्यायच्या विचारात आहेत. त्यांना फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगितलेलं इथे सलग लिहिते आहे.

आधी बांधणी समजून घ्या

एअरस्ट्रीम कंपनी वॉली बायमने उभी केली. रिव्हेट केलेल्या ॲल्युमिनियमचा त्यांचा पहिला ट्रेलर, क्लिपर, १९३६ साली आला. १९५२ पासून त्यांचा कारखाना आमच्याच ओहायोत, जॅक्सन सेंटर या छोट्या गावी आहे. जुलै १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या अंतराळवीरांना ज्या फिरत्या खोलीत वेगळं ठेवलं होतं, तीसुद्धा एअरस्ट्रीमच्याच सांगाड्यावर बनवलेली होती.

याची रचना विमानाच्या धाटणीची आहे. बाहेरचा पत्रा, आतल्या बरगड्या आणि आतला पत्रा, तिन्ही रिव्हेटांनी जोडलेले. हे कवच खाली एका ॲल्युमिनियमच्या चॅनेलवर, म्हणजे पन्हळीसारख्या पट्टीवर, उभं असतं. चॅनेल प्लायवुडच्या कडेवर बसतो आणि बोल्ट चॅनेल, प्लायवुड आणि पोलादी चासी या तिघांतून आरपार जातात. म्हणजे जमिनीचं प्लायवुड हे फक्त चालायला नाही. कवच आणि चासी यांना बांधून ठेवणारा दुवा तोच आहे. कड कुजली की बोल्ट कशालाच धरत नाहीत, आणि रस्त्यावर चासी एकीकडे हलते, कवच दुसरीकडे. पहिल्या दुकानाने कुजक्या प्लायवुडवर व्हिनाइल टाकलं तेव्हा त्यांनी जमीन झाकली असं मला वाटलं होतं. झाकला गेला होता तो हा सांधा.

विकत घेण्यापूर्वीचा तासभर

ट्रेलर अजून घेतला नसेल तर सोबत टॉर्च, टोकदार स्क्रूड्रायव्हर आणि जुने कपडे घेऊन जा.

मागच्या बंपरवर उभं राहा आणि हळूच उड्या मारा. दुसऱ्या माणसाला बंपर आणि पत्र्याची खालची कड यांच्याकडे पाहायला सांगा. बंपर खाली जातो आणि पत्रा जागच्या जागी राहतो, दोघांत फट उघडते मिटते, असं दिसलं तर मागचा सांधा सुटलेला आहे. हे दुरुस्त होतं, पण स्वस्तात होत नाही.

आत जाऊन जमीन मध्यभागी तपासू नका, तिथे ती नेहमी ठणठणीत असते. कडेकडेने, चारही कोपऱ्यांत, दाराच्या उंबऱ्याशी, खिडक्यांच्या खाली, संडासाच्या मागे स्क्रूड्रायव्हर टोचा. तो घुसला तर ओल आहे. वासही घ्या. उंदरांचा उग्र दर्प येत असेल तर भिंतीतल्या गुलाबी फायबरग्लासमध्ये त्यांची वस्ती आहे, आणि उंदरांच्या मुताने ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं.

खाली वाकून चाकाजवळ पाहा. १९६०च्या दशकापासूनच्या एअरस्ट्रीमला पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी रबरावर चालणारे टॉर्शन ॲक्सल आहेत. ॲक्सलमधून चाकाकडे जाणारा छोटा हात खाली झुकलेला असायला हवा. तो आडवा किंवा वर गेलेला दिसला तर आतलं रबर मेलेलं आहे. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या रबराबद्दल आशा धरण्यात अर्थ नाही, ॲक्सल बदलायचाच असं धरून किंमत करा.

पुढच्या आणि मागच्या गोल टोकांवर पोचे असतील तर जास्त विचार करा. सपाट बाजूचा पत्रा बदलता येतो, दुहेरी वळणाचा तुकडा मिळवणं अवघड. १९६६ ते १९६८च्या ट्रेलरांना कॉर्निंगच्या वक्र काचेच्या खिडक्या आहेत. त्या शाबूत असतील तर ते मोठं धन समजा, फुटल्यावर तशीच काच मिळत नाही.

आणि पैसे देण्याआधी टायटल, म्हणजे मालकीचा कागद, पाहा. त्यावरचा क्रमांक ट्रेलरवरच्या क्रमांकाशी अक्षर-न्-अक्षर जुळला पाहिजे. "कागद नंतर पाठवतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत या.

दुकानात जाण्याआधी एक पान लिहा

तुम्हाला ट्रेलर जसा कारखान्यातून बाहेर पडला तसा हवा आहे, की जुन्या कवचात नवं घर? दोन्ही चालतं, पण मध्येच मत बदलणं फार महाग पडतं. आम्ही मूळची कपाटं ठेवली आणि बाकी बदललं.

कामाची खोली हा दुसरा प्रश्न. सर्वांत कमी म्हणजे ब्रेक, टायर, तारा आणि गळती एवढंच. त्यापुढे कवच जागेवर ठेवून जमीन बदलणं. सर्वांत मोठं काम म्हणजे शेल-ऑफ, म्हणजे कवच चासीवरून उचलून बाजूला ठेवायचं आणि चासी उघडी करायची. शेल-ऑफ आणि आतलं सगळं नवं असं केलं तर बिल सहज एका चांगल्या मोटारीच्या किमतीपलीकडे जातं, नावाजलेल्या दुकानांत एक लाख डॉलरच्याही वर. हा खर्च विकताना परत येईल या हिशोबाने करू नका. वापरायला हवा असेल तरच करा.

त्या पानावर तुमच्या वापराच्या सवयीही लिहा. आम्ही लिहिलं होतं: रोज फोडणी होते, कुकर लागतो, आई-बाबा महिनाभर सोबत असतात तेव्हा खालचा पलंग आणि रात्री संडासापर्यंत मोकळी वाट हवी. दुकानदाराने ते वाचून शेगडी खिडकीजवळून हलवली आणि वर बाहेर हवा फेकणारा पंखा धरला. नुसता जाळी लावून हवा आतच फिरवणारा हूड आपल्या स्वयंपाकाला पुरत नाही. मोहरी-हिंगाचा वास गादीत बसतो आणि कुकरची वाफ रात्री पत्र्यावर पाणी होऊन भिंतीत उतरते.

दुकान आणि करार

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आमची चूक इथेच झाली.

दुकान निवडताना तयार झालेला ट्रेलर दाखवा म्हणू नका. अर्धवट उघडलेला दाखवा म्हणा. आतला पत्रा काढलेला, बरगड्या दिसताहेत, चासीला नुकतं वेल्डिंग झालंय, असा एखादा चांगल्या दुकानात उभा असतोच. रिव्हेट पाहा. मूळचे भरीव रिव्हेट दोन माणसं मारतात: एक बाहेरून हवेची बंदूक लावतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा धरतो. आतला पत्रा न काढता बाहेरून एकट्याने मारता येणारे पोकळ रिव्हेटही असतात, आणि काही जागी ते वापरावेच लागतात. पण तुमच्या दुकानात सगळीकडे तेच दिसले तर भिंत उघडायची त्यांची सवय नाही. बाबांनी दुसऱ्या दुकानात पाचच मिनिटं ओळी पाहिल्या, तिथल्या माणसाशी मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी बोलले, आणि मला म्हणाले, "याला द्यायला हरकत नाही."

मग करार. एकाच वेळी सगळ्या कामाचा पक्का आकडा मागू नका. बंद ट्रेलरचा पक्का आकडा देणारा एकतर भरपूर चढवून देतो किंवा नंतर काम दडपतो. त्याऐवजी दोन करार करा. पहिला फक्त उघडण्याचा: सामान काढणं, आतला पत्रा आणि पोटाखालचा पत्रा काढणं, फोटोंसह लेखी अहवाल. हा छोटा आणि ठरलेल्या रकमेचा असावा. अहवाल हातात आल्यावर दुसरा करार, कामाच्या टप्प्यांसह.

दुसऱ्या करारात आम्ही हप्ते तारखांना न बांधता झाकण्याच्या क्षणांना बांधले. चासी तयार आहे पण जमीन टाकलेली नाही: या क्षणी आम्ही येऊन पाहणार, फोटो घेणार, सही करणार, मग हप्ता. जमीन बोल्ट झाली आहे पण वर काही नाही: पुन्हा तेच. तारा आणि नळ टाकलेत, गळती चाचणी झाली आहे, पण आतला पत्रा उघडा आहे: तिसरी सही, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. पहिला हप्ता छोटा ठेवा, शेवटचा मोठा, आणि तो ट्रेलर रस्त्यावर चालवून पाहिल्यावरच द्या. दुसऱ्या दुकानदाराने याला जराही का-कू केलं नाही.

आणखी काही ओळी करारात हव्यातच. वाढीव काम निघालं तर आधी लेखी किंमत आणि तुमचा होकार, नंतर काम. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवायचा, तुम्हाला विचारल्याशिवाय टाकायचा नाही. दाराचं कुलूप, खिडकीच्या कड्या, मागच्या दिव्यांच्या लाल काचा, नावाच्या पट्ट्या या कचऱ्यात गेल्या तर शोधायला वर्षं जातात. ट्रेलर दुकानात असताना आग किंवा चोरी झाली तर कोणाचा विमा, हे लिहून घ्या. तुमचा स्वतःचा विमाही आधी ठरवलेल्या मूल्याचा घ्या, नाहीतर विमा कंपनी जुन्या ट्रेलरची किंमत नगण्य धरते. टायटल दुकानाकडे कधीही ठेवू नका. आणि बिल थकवू नका: थकलेल्या बिलापोटी ट्रेलर अडवून ठेवायचा हक्क बहुतेक राज्यांत दुकानाला असतो. वाद असेल तर तो लेखी मांडा.

पहिली सही: चासी

चासी घासून उघडी केल्यावर गंज कुठे आहे ते पाहा. मागचं टोक, चाकांवरची जागा आणि मुख्य तुळयांतून बाजूला जाणारे आडवे हात, तिन्ही जागी टॉर्च मारा. पातळ झालेल्या पोलादावर रंग चढवलेला नको, कापून नवं पोलाद वेल्ड केलेलं हवं. पोलाद आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल आली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून त्यांच्या मध्ये पट्टी किंवा लेप आहे का ते विचारा. नवे ॲक्सल, नवे विजेचे ब्रेक आणि ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी कळ याच टप्प्यात बसते.

सांडपाण्याची टाकीसुद्धा याच वेळी. आमच्या वयाच्या एअरस्ट्रीमला मैल्याची टाकी असते, पण मोरी आणि बेसिनच्या पाण्याची टाकीच नसते. ते पाणी तेव्हा सरळ जमिनीवर सोडत. आता कुठल्याही कॅम्पग्राउंडवर ते चालत नाही. चासीच्या तुळयांमध्ये टाकी बसवायची तर चासी उघडी असतानाच. पहिल्या दुकानाने ही आठवणसुद्धा करून दिली नव्हती.

दुसरी सही: जमीन

मरीन प्लायवुड किंवा पाणी न पिणारा कॉम्पोझिट फळा, दोन्ही चांगले. प्लायवुड असेल तर सगळ्या कडा आणि भोकं इपॉक्सीने बंद हवीत, कारण पाणी तिथूनच शिरतं. जुन्या जमिनीवर फरश्या चिकटवलेल्या असतील तर त्या घासण्यापूर्वी तपासून घ्यायला सांगा, त्या काळच्या फरश्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो.

तिसरी सही: भिंत मिटण्याआधी

या दिवशी सुट्टी काढा.

आतला पत्रा नसताना दुकानाला बाहेरून पाणी मारायला सांगा. आधी खालून, मग खिडक्या, सर्वांत शेवटी छप्पर, प्रत्येक जागी काही मिनिटं. तुम्ही आत टॉर्च घेऊन उभे राहा. पाण्याचा एक थेंब रिव्हेटातून उतरताना दिसला तर खडूने खूण करा. आमच्या ट्रेलरमध्ये पहिल्या फेरीत एकोणीस खुणा झाल्या. छपरावरच्या हवेच्या झडपेभोवती सहा, बाकीच्या खुणा मागच्या दिव्यांजवळ आणि खिडक्यांच्या वरच्या कडांना. दुसऱ्या फेरीत दोन. तिसऱ्या फेरीनंतर सही केली.

सांधे कशाने भरले ते विचारा. पॉलियुरेथेनचं सीलंट हवं. सिलिकॉन नको. ते काही काळ धरतं आणि मग सुटतं, वर त्या जागी पुढे दुसरं काहीच नीट चिकटत नाही. जुनं सिलिकॉन खरवडून पूर्ण काढण्यासाठी आम्हाला कितीतरी तासांचे पैसे भरावे लागले.

मग तारा. १९६७ची सगळी वायरिंग बदला, अर्धी नव्हे. त्यातही एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. ट्रेलर धातूचा आहे. आतल्या विजेच्या डब्यात न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडलेले असतील, किंवा अर्थिंग तुटलेलं असेल, तर एखाद्या बिघाडात सगळा पत्रा जिवंत होतो, आणि ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून दाराला हात लावणाऱ्याला झटका बसतो. हे दोन्ही तिथे वेगळेच राहायला हवेत. ट्रेलर बाहेरच्या विजेला जोडून पत्रा आणि जमीन यांच्यात मीटर लावून दाखवा, असं सांगा. आकडा शून्याच्या जवळ हवा.

जोडणी बहुधा ३० ॲम्पिअरची असते, म्हणजे १२० व्होल्टला ३६०० वॉट. एसी आणि १८०० वॉटची इंडक्शन शेगडी एकत्र लावली की त्यातच संपलं, पाणी तापवायला काही उरत नाही. गॅसची शेगडी ठेवायची असेल तर भिंत मिटण्याआधी नळीची दाब चाचणी तुमच्यासमोर व्हावी. गॅस, कार्बन मोनॉक्साइड आणि धूर यांचे इशारे देणारी तिन्ही यंत्रं नवी घ्या, ट्रेलरबरोबर आलेली ठेवू नका.

पाण्याच्या नळ्या आता पेक्स नावाच्या लवचीक प्लास्टिकच्या टाकतात. आमच्याकडे थंडीत पाणी गोठतं, म्हणून सर्वांत खालच्या ठिकाणी रिकामं करायचे नळ असायला हवेत आणि हात पोचेल असे.

सगळे फोटो भिंतीवर मोजपट्टी धरून काढा. पुढे कधी कपाट ठोकायचं असेल तेव्हा तार कुठून जाते हे फक्त हेच फोटो सांगतात.

आतलं काम आणि चकाकी

आतल्या कामाबद्दल दुकानं भरभरून बोलतात, म्हणून मी थोडंच सांगते. वजनाकडे लक्ष द्या. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकवर यायला हवा. दगडी ओटा आणि मोठा फ्रिज चाकांच्या मागे ठेवला तर हुक हलका होतो आणि महामार्गावर ट्रेलर शेपटासारखा डुलायला लागतो, हे फार धोक्याचं. नकाशा पक्का करण्यापूर्वी दुकानाला चाकांच्या पुढे किती वजन, मागे किती, डावीकडे किती, उजवीकडे किती, हे कागदावर मांडायला सांगा.

बाहेरच्या पत्र्यावरचा जुना पारदर्शक लेप काढून, टप्प्याटप्प्याने घासून आरशासारखी चकाकी आणता येते. त्यात शंभरावर तास सहज जातात, आणि ती दरवर्षी राखावी लागते. चकाकल्यावर लहानसा पोचाही नजरेत येतो. खर्च कुठे कापायचा असा प्रश्न आला तर इथे कापा. आम्ही नुसता लेप काढून स्वच्छ केला आणि तसाच मंद चंदेरी ठेवला.

ताब्यात घेताना

दुकानाच्या आवारातच एक रात्र राहा. टाक्या काठोकाठ भरा, गरम पाणी चालवा, स्वयंपाक करा, सगळे दिवे एकत्र लावा. दुसऱ्या दिवशी पन्नासेक मैल चालवा आणि परत येऊन खाली वाकून पाहा. ट्रक थांबतात तिथल्या काट्यावर ट्रेलर तोला: गाडी आणि ट्रेलर एकत्र, मग हुकचा भार वेगळा. पावती ट्रेलरच्या कागदांत ठेवा. टायरवरच्या चार आकडी खुणेत आठवडा आणि वर्ष असतं, तेही पाहा, नव्या नावाखाली जुने टायर बसवलेले निघतात.

मग शेवटचा हप्ता.

पहिल्या पन्नास ते शंभर मैलांनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळायला विसरू नका, नवी चाकं बसली की नट सैल होतात. आम्ही पहिल्यांदा ओहायोतल्याच हॉकिंग हिल्स या डोंगराळ भागात निघालो तेव्हा बाबांचा पुण्याहून फोन आला. त्यांनी जेवलात का विचारण्याआधी नट आवळलेस का ते विचारलं.